काळा, पण कुठला?

डार्करूममध्ये हयात घालवलेल्या माणसाला ‘फोटो ब्लॅक अँड व्हाइटच आहे ना?’ असं विचारू नये. तास गेलाच म्हणून समजा. काळा म्हणजे कुठला काळा? ब्रोमाइड पेपरचा थंड, निळसर झाकेचा, की क्लोरोब्रोमाइडचा उबदार, तपकिरीकडे झुकणारा? आमच्या नानांच्या मते हे दोन काळे शेजारी टांगणं म्हणजे पत्रिका न बघता लग्न लावणं.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940च्या सुमारास झोन सिस्टीम बसवली. ठार काळा शून्य, कागदाचा कोरा पांढरा दहा, बाकीचे करडे मधल्या पायऱ्यांवर. ती फोटोपुरती होती. नानांनी संसाराला लावली. काकू नवी साडी नेसून ‘कशी दिसते?’ म्हणाल्या, तर हे म्हणतात, ‘पदर झोन 6, काठ 3. मिडटोन कमी पडतो.’ साडी पोपटी होती की डाळिंबी, ते देवाला ठाऊक.

सेपिया टोनिंग हा मात्र सार्वजनिक कार्यक्रम. आधी फेरिसायनाइडच्या ब्लीचमध्ये चित्र फिकं करायचं, मग सोडियम सल्फाइडमध्ये बुडवायचं. चांदीचं सल्फाइड होतं आणि चित्र तपकिरी होऊन परत येतं. सोबत सडक्या अंड्यांचा वासही येतो. सोसायटी कट्टर शाकाहारी. सेक्रेटरी दोन सभासदांना घेऊन दारात हजर. नानांनी निथळता प्रिंट त्यांच्या नाकासमोर धरला, ‘शॅडो बघा, कसला चॉकलेटी आलाय!’ बिनवासाचा थायोयुरिया टोनर मिळतो, हे नानांना ठाऊक आहे. त्याचा तपकिरी त्यांना पटत नाही, बस.

ओल्या प्रिंटचं कौतुक तर त्यांच्यापुढे करूच नये. वाळताना तो गडद होतो, हायलाइटची चमक उतरते. म्हणून कुणी ‘वा!’ म्हटलं की ते हात वर करतात, ‘वाळू दे, मग बोला.’

भाचीच्या लग्नाआधी केस काळे करायचं ठरलं. औषधवाल्यानं ‘नॅचरल ब्लॅक’ पुढे केला. ‘ह्यात निळी झाक आहे हो. वॉर्म दाखवा.’ शेवटी ‘ब्राउन ब्लॅक’ पसंत पडला. पण सरळ चोपडतील तर नाना कसले! टेस्ट स्ट्रिप काढल्याशिवाय वेळ ठरवायची नाही, हा धर्म. कपाळापासून मागे पाच पट्टे पाडले आणि दर पाच मिनिटांनी एकेक पुसला. मोरीतून बाहेर आले तेव्हा करड्यापासून काळ्यापर्यंत पाचही टोन स्वच्छ वेगळे दिसत होते. काकूंनी डोक्याला हात लावला.

नाना आरशात निरखत म्हणाले, ‘तिसरा बरोबर वाटतोय. पण वाळू दे, मग बोल.’