आधी इस्त्री, मग ऑस्कर

कोल्हापूरच्या भानू अथैयांना १९८३ साली ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं, तेव्हापासून वेशभूषेच्या प्रत्येक इंटर्नला ते मिळणार हे ठरलेलंच आहे. तूर्तास मिळते ती इस्त्री. मानधन? ‘एक्स्पोजर’. त्यावर मढच्या शूटिंगला रिक्षावाला येत नाही, हा त्याचा कोतेपणा. काम मात्र भारी सर्जनशील: हिंदमाताहून आणलेल्या साडीला संध्याकाळच्या आत फॉल-पिको, नायिकेच्या ब्लाउजला ऐनवेळी सेफ्टीपिन, आणि कालच्या सीनमध्ये नायकाची बाही दुमडलेली होती की सोडलेली, याचे फोटो. अथैया बिचाऱ्या चित्रकला शिकून, मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत आल्या. इस्त्रीचा अनुभव शून्य! आजच्या इंटर्नचं नाव श्रेयनामावलीत येतं. ‘विशेष आभार’मध्ये, केटररच्या खाली, वाहिनीने ती पट्टी कापली नाही तर.