प्रॉक्सी घरी पाठवू नका

वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या, फोनवर व्हॉट्सॲप सुरळीत, टीव्हीवर मालिका सुरू, आणि लॅपटॉपवर मात्र एकही पान उघडत नाही. अशा वेळी पहिला बळी राउटरचा जातो. तो बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, मग नेटवाल्याला फोन. नेटवाला येतो, स्वतःच्या फोनवर वेग मोजून दाखवतो, ‘आमच्याकडून लाइन ओके आहे’ म्हणतो आणि निघतो. त्याचं बरोबर असतं. चूक ऑफिसच्या आयटी विभागात बसलेली आहे.

तिथे कुणीतरी त्या लॅपटॉपमध्ये प्रॉक्सी हाताने भरून ठेवलाय. प्रॉक्सी म्हणजे ऑफिसचं मध्यस्थ यंत्र. त्याचा १० ने सुरू होणारा एक पत्ता, पुढे ८०८० किंवा ३१२८ असा पोर्ट. कुठलंही पान हवं असलं तरी याच यंत्राकडे माग, असा ब्राउझरला हुकूम. पण १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी नेटवर्कसाठीच राखलेले आहेत. ऑफिसच्या बाहेर तो पत्ता कुणाला सापडणार? कोथरूडच्या नाहीतर डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बसून ब्राउझर तोच पत्ता शोधत राहतो आणि शेवटी हात टेकतो. जोडणी तपासणारं पिंग मात्र व्यवस्थित चालतं, कारण पिंगचा प्रॉक्सीशी संबंधच नसतो. त्यामुळे थोडंफार कळणारा माणूस जास्तच चक्रावतो.

यावर ऑफिसने शोधलेला उपाय काय, तर घरी गेलात की प्रॉक्सीचं बटण बंद करा, सकाळी आलात की चालू करा. रोज. लेखापाल, प्राध्यापिका, विमा कंपनीतला सर्वेक्षक, सगळ्यांनी. मार्च २०२० नंतर घर हीसुद्धा कामाची जागा झाली, लॅपटॉप रोज पिशवीतून ये-जा करू लागला, तरी ही बटणाची ड्युटी अजून माणसाच्याच गळ्यात आहे. मला याचा मनापासून राग येतो. ज्या कामासाठी यंत्र आहे ते काम माणसाकडून करून घ्यायचं आणि तो विसरला की ‘तुम्हाला साधं एवढं जमत नाही?’ असं वर ऐकवायचं, हा उद्धटपणा आहे.

दुसरा प्रकार आयपी पत्त्याचा. बऱ्याच लहान ऑफिसांत प्रत्येक लॅपटॉपला कायमचा पत्ता हाताने दिलेला असतो. ऑफिसात केबल आणि घरी वाय-फाय असेल तर निभावतं, कारण विंडोजमध्ये दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या राहतात. पण दोन्हीकडे वाय-फाय असेल आणि पत्ता थेट वाय-फायच्या ॲडाप्टरवरच बसवलेला असेल तर तोच पत्ता घरी येतो. ऑफिसचा गेटवे १९२.१६८.१.२५४, घरचा राउटर १९२.१६८.१.१, मग बाहेर जायची वाटच बंद. कधी घरातल्या टीव्हीला नेमका तोच पत्ता मिळालेला असतो आणि दोघांचीही अडवणूक होते.

बरं, बदलायला जावं तर विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागतं आणि तो ऑफिसने दिलेला नसतो. ॲडमिनचे अधिकार सरसकट देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे. पण विंडोजमध्ये ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’ नावाचा एक गट पूर्वीपासून आहे. त्यात माणसाचं नाव घातलं की तो नेटवर्कच्या सेटिंग बदलू शकतो, बाकी यंत्राचा मालक होत नाही. किती आयटीवाल्यांनी तो कधी वापरलाय?

मुळात ही वेळच येऊ नये. पत्ता आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीचा मसुदा १९९३ मध्ये आला, आजही चालतो तो १९९७ मध्ये ठरला. नोंदींसाठी प्रत्येक यंत्राला ठरावीकच पत्ता हवा असेल तर राउटरवर रिझर्वेशन करा. यंत्राचा मॅक क्रमांक एकदा लिहून ठेवला की त्याला तिथे कायम तोच पत्ता मिळतो. लॅपटॉपमधली सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ राहते आणि घरी जाऊन तो घरचा पत्ता निमूट घेतो. ऑफिसात डीएचसीपी ठेवायचाच नसेल तर जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’चा टॅब आहे. लॅपटॉप आधी आपोआप पत्ता मागतो, कुणी दिलाच नाही तर तिथे भरलेला वापरतो. विंडोज एक्सपीपासूनची सोय आहे ही. आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीजमध्ये, तेही ‘ऑटोमॅटिक’ निवडल्यावरच दिसते, म्हणून ती कुणाला माहीत नाही.

प्रॉक्सीलाही उत्तर आहे आणि तेही जुनं आहे. पॅक फाइल नेटस्केपने १९९६ मध्येच आणली. कुठल्या पानासाठी प्रॉक्सी वापरायचा आणि कुठे थेट जायचं, हे सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. तो ऑफिसच्या आतच मिळेल अशा पत्त्यावर ठेवा आणि तो पत्ता लॅपटॉपमध्ये भरा. घरी फाइल सापडली नाही की ब्राउझर साधारणपणे थेट जातो. फक्त ‘प्रॉक्सी आपोआप शोध’ हे दुसरं बटण सरसकट चालू ठेवू नका. त्यात लॅपटॉप दिसेल त्या नेटवर्कला विचारत सुटतो, आणि कॅफेच्या वाय-फायवर कुणीही भामटा उत्तर देऊ शकतो. याच यंत्रणेतल्या भोकांसाठी मायक्रोसॉफ्टला जून २०१६ मध्ये दुरुस्ती काढावी लागली होती.

आणि मायक्रोसॉफ्टलाही सोडायचं कारण नाही. अँड्रॉइड फोन असो की आयफोन, प्रॉक्सी त्या त्या वाय-फायपुरता लक्षात ठेवतो. विंडोजमध्ये पत्ता आणि डीएनएस वाय-फायच्या नावानुसार ठेवता येतात, पण हाताने भरलेला प्रॉक्सी सगळ्या वाय-फायना आणि केबललाही सरसकट लागू. फोनला जे जमतं ते कामाच्या लॅपटॉपला का जमू नये? ॲपलच्या मॅकवर ‘लोकेशन’ म्हणून घर आणि ऑफिसच्या दोन वेगळ्या मांडण्या ठेवता येतात, पण तिथेही निवड हातानेच करावी लागते.

हे सुधारेल तेव्हा सुधारेल, तोवर वाचकांनी एवढं करावं. राउटरला हात लावण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’ उघडा आणि ‘मॅन्युअल’ चालू आहे का बघा. असेल तर त्या पानाचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी आयटी विभागाला पाठवा आणि पॅक फाइल लेखी मागा.