आजीचा पगार

स्टॉकहोम,
१० फेब्रुवारी २०२६

ती. सौ. आईस,


फोनवर बाबा स्पीकर लावून बसतात, मग खरं काही बोलता येत नाही. म्हणून पत्र.

चिंगीला पुन्हा ताप आलाय. घाबरू नकोस. फेब्रुवारीत इथल्या बालवाड्यांमधल्या झाडून सगळ्या पोरांची नाकं वाहतात, पाठोपाठ आईबापांची. आजारी मूल सांभाळायला घरी राहिलं तर सरकार, ठरावीक मर्यादेपर्यंत, जवळजवळ ऐंशी टक्के पगार देतं. एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत. साहेबही ‘काळजी घे’ एवढंच म्हणतो. पुण्याचे साहेब आधी ‘घरी दुसरं कोणी नाही का?’ विचारायचे. काल तुझे जावई घरी राहिले. संध्याकाळी येऊन बघते तर चिंगी सोफ्यावर उड्या मारतेय आणि कपाळावर ओली पट्टी ठेवून जावई आडवे!

आता खास बातमी. बाळाच्या संगोपनासाठी आईबापांना मिळून ४८० दिवसांची भरपगारी नसली तरी बरी रजा असते. जुलै २०२४ पासून आई आणि बाप दोघांनाही त्यातले प्रत्येकी ४५ दिवसांपर्यंत आजी-आजोबांच्या नावावर करता येतात. नातवंड सांभाळायचे आजीला पैसे! हुरळू नकोस, आजी इथल्या सरकारी विम्यात हवी. तू पडलीस नव्वद दिवसांच्या व्हिसावरची पाहुणी. वर मेतकूटही स्वतःच्या खर्चाने आणणार. बाबांना मात्र यातलं बोलू नकोस, मागच्या उन्हाळ्याचं बिल पाठवतील.

आणि दुरून बाबांची काळजी घ्यायला इथे कुठलाच फॉर्म नाही. सांगलीत रात्री नऊला त्यांची बीपीची गोळी, तेव्हा इथे साडेचार. बालवाडीच्या दारात मी चिंगीला बर्फाच्या ओव्हरऑलमध्ये कोंबत असते. बुटाखालचा रबरी पट्टा एका हाताने ताणायचा, दुसऱ्या हातात फोनवर बाबा. जिभेवरची गोळी कॅमेऱ्यात दाखवतात, ‘झालं समाधान?’ म्हणतात आणि फोन ठेवतात. पुढे गोळी पोटात जाते की तुळशीच्या कुंडीत, याबद्दल मला दाट शंका आहे. जरा तुळशीचं बीपी बघ.

सोमवारी डॉक्टरांकडे तूही आत जा. एकटे गेले की ‘सगळं उत्तम’ एवढंच सांगून येतात. रिपोर्टचा फोटो लगेच पाठव. सरळ धरून काढ, आणि या वेळी त्यात तुझा अंगठा नको.

तुझी,
बेबी