क्रूझकाका

कळंबोलीतल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये हल्ली एखादे तरी क्रूझकाका असतातच. वय सत्तरीच्या आसपास. उभी हयात पोलाद बाजारात ट्रान्सपोर्टच्या धंद्यात गेलेली. गाड्या आता थोरल्याच्या ताब्यात, धाकटा सिडनीला. त्यामुळे काकांच्या हातात उरते ती सोसायटी. पहाटे पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, दुपारी पार्किंगचे पट्टे आणि रात्री वॉचमनची झोप, असा त्यांचा तिन्ही त्रिकाळ पहारा चालतो. हे फोनवर ऐकून ऐकून धाकटा हवालदिल होतो आणि सिडनी ते होनोलुलू असं क्रूझचं तिकीट काढून मोकळा होतो. वर बजावतो, "बाबा, आता फक्त आराम करायचा."

जहाज पूर्वेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतं आणि तोच वार, तीच तारीख दुसऱ्यांदा येते. काकूंना लागोपाठ दोन दिवस गुरुवारचा उपास घडतो. काका तडक काउंटरवर जाऊन विचारतात, "या जादा दिवसाचे पैसे लावलेत का?" लावलेले नसतात. तेव्हा कुठे त्यांना प्रवास आवडू लागतो.

खरी परीक्षा पुढे. ताहितीचं पापेते बंदर सोडलं की होनोलुलूपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटर पाणीच पाणी. पाचेक दिवस जहाज कुठे थांबत नाही. बाकीचे प्रवासी याच दिवसांसाठी आलेले असतात. खुर्चीत पडायचं, पुस्तक पोटावर पालथं घालायचं आणि डोळे मिटायचे. काकांना मात्र पहाटे साडेचारलाच जाग येते, तीही शांततेमुळे. ट्रेलरचे हॉर्न आणि कॉइल उतरवतानाचे दणके ऐकत झोपलेला माणूस तो! "अगं ऊठ, इंजिन बंद पडलं वाटतं," म्हणत ते काकूंना हलवतात.

सहाच्या आत ते डेकवरच्या मोक्याच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकून येतात. एसटीत रुमालाने धरलेली जागा कोणी बळकावल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. मग नाश्ता. इडली नाही म्हणून नाराजी, पण पैसे भरलेत म्हणून तीन फेऱ्या. परत येऊन बघतात तर खुर्चीत एक गोऱ्या आजीबाई घोरत असतात आणि रुमाल हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा.

दुपारी बारा वाजता कप्तान ध्वनिक्षेपकावरून जहाजाचं ठिकाण, वेग, वारा आणि समुद्राची खोली सांगतो. दिवसभरात काका मन लावून ऐकतात ती ही एवढीच गोष्ट. सोसायटीच्या जुन्या मीटिंगच्या वहीत ते आकडे उतरवतात आणि शेजारच्याला गाठतात. "ताशी पस्तीस किलोमीटर! संध्याकाळी आमच्या कळंबोली सर्कलला एवढा वेग मिळाला तर पेढे वाटू." आणखी हिशेब होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, म्हणजे पापेते ते होनोलुलू एवढ्या अंतरात त्याच्या तेवीस जाऊन-येऊन खेपा. "आणि टोल एकदाही नाही!" खोली चार किलोमीटरच्या वर ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडतो. "पायाखाली एवढं पाणी, आणि आम्ही मार्चपासून टँकर मागवतो."

समुद्राचं पाणी जहाजावरच गोडं करतात हे कळल्यावर तर त्यांना राहवत नाही. मशीन केवढ्याचं, वीज किती खातं, गच्चीवर बसेल का, अशी चौकशी करत ते एका तरुण अधिकाऱ्याच्या मागे लागतात. तो विषय बदलावा म्हणून जहाज एक लाख टनांचं असल्याचं सांगतो. पोलाद बाजारात केस पांढरे केलेल्या माणसाला टन सांगायचे नसतात. काका लगेच भंगाराचा भाव लावू लागतात. अधिकारी घाबरून खुलासा करतो की हे टन वजनाचे नाहीत, जहाजाच्या आतल्या एकूण जागेच्या मापावरून काढलेले आहेत. काका त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "बाळा, ज्याचा काटा केला नाही, तो टन कसला?"

रात्री पैसे मोजून इंटरनेट घेतलं जातं, आणि फोन थोरल्याला. "चाकणची गाडी पोचली का? वॉचमन जागा आहे ना? बघून ये." पलंगावर नोकराने टॉवेलचा सुबक हत्ती करून ठेवलेला असतो. काका तो उलगडून टॉवेलला डाग आहेत का ते तपासतात आणि समाधानाने झोपतात.

थोडक्यात, दुसऱ्याचं काम तपासणं हाच क्रूझकाकांचा आराम, आणि तो त्यांना प्रशांत महासागरातही पोटभर मिळतो. इकडे कळंबोलीत त्याच दिवसांत वॉचमन निवांत पेंगतो, गाड्या पट्ट्याबाहेर सुखाने उभ्या राहतात आणि सेक्रेटरी न दचकता जिना उतरतात. तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर त्यांच्या मुलाला आजच फोन करा आणि चांगली लांब पल्ल्याची क्रूझ सुचवा. तिकीट दोघांचं निघतं, विश्रांती अख्ख्या सोसायटीला मिळते.