सेवेचा हिशोब तीस जूनपर्यंत

जून उतरणीला लागला की आमच्या तालुक्याच्या गावी दोन हंगाम एकदम सुरू होतात. शेतात पेरणीचा आणि मंगल कार्यालयात पदग्रहणाचा. पेरणी पावसावाचून अडते. पदग्रहण कशानेच अडत नाही. प्रमुख पाहुणे घाटात अडकले, तर त्यांचं भाषण फोनवरून माइकला लावून ऐकवतात, आणि त्या भाषणालाही शाल-श्रीफळ देतात.

सेवाभावी क्लबांचं वर्ष एक जुलैला उगवतं आणि तीस जूनला मावळतं. रोटरीचं तसंच, लायन्सचंही तसंच. मी ज्या क्लबाबद्दल लिहितो आहे तो यांतला कोणता, हे सांगणार नाही. म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींना हा मजकूर एकमेकांना निर्धास्त पाठवता येईल.

नव्या अध्यक्षांचा पहिला दिवस पंचांगानेच खडतर करून ठेवला आहे. एक जुलै म्हणजे डॉक्टर्स डे, कारण डॉ. बिधानचंद्र रॉय १८८२ साली त्या तारखेला जन्मले आणि १९६२ साली त्याच तारखेला गेले. एक जुलै म्हणजे सीए डे, कारण चार्टर्ड अकाउंटंटांची संस्था १९४९ मध्ये त्या दिवशी स्थापन झाली. आणि एक जुलै म्हणजे राज्याचा कृषी दिन, कारण ती वसंतराव नाईकांची जयंती. म्हणजे गळ्यातली कॉलर नीट बसायच्या आत तीन सत्कार उरकायचे, शिवाय वृक्षारोपण. आता या दिवशी डॉक्टरांची ओपीडी पावसाळी तापाने ओसंडत असते, सीए रिटर्नच्या गठ्ठ्याखाली दबलेला असतो आणि शेतकऱ्याच्या रानात वाफसा आलेला असतो. तिघांनाही हातातलं काम सोडून हॉलवर बोलावतात आणि त्यांच्या कामावरच्या निष्ठेबद्दल सन्मानपत्र देतात. गेल्या वर्षी सूत्रसंचालकांची चारोळी संपेना, तेव्हा सत्कारमूर्ती शेतकरी उठून म्हणाला, "साहेब, नारळ मागनं पाठवा, ट्रॅक्टर तासावर हाय." टाळ्या त्या वाक्याला सर्वांत जास्त पडल्या.

या सगळ्याचं मूळ शिकागोत आहे. तिथे पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिघा ओळखीच्यांना घेऊन रोटरीची पहिली बैठक भरवली. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, म्हणून नाव रोटरी. त्याच शहरात १९१७ मध्ये मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाने लायन्स उभी केली. हा इतिहास प्रत्येक पदग्रहणात सांगतात, पण त्यातल्या दोन गोष्टी वगळून. पहिली अशी, की संस्था काढली हॅरिसने आणि पहिला अध्यक्ष झाला त्याचा कोळशाचा व्यापार करणारा मित्र, सिल्व्हेस्टर शिल. हॅरिसचा नंबर तिसरा लागला. संस्था आपण काढायची आणि पहिलं अध्यक्षपद कोळसेवाल्याला द्यायचं, असं आमच्याकडे कुणी म्हणालं तर घरचे लोक त्याचा बीपी तपासतील.

दुसरी गोष्ट म्हणजे रोटरीने हाती घेतलेलं पहिलं लोकोपयोगी काम. १९०७ मध्ये शिकागोच्या क्लबाने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट सुरू केली. आमच्या क्लबातला एक नवा सभासद हे कुठेसं वाचून आला आणि त्याने एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाचा विषय मीटिंगमध्ये काढला. त्या स्वच्छतागृहाचं वर्णन मी करत नाही, हे सदर लोक चहाबरोबर वाचतात. सभा गप्प झाली. मग एका माजी अध्यक्षांनी मुद्द्याचं विचारलं, "उद्घाटन कसं करायचं? फीत कापून पाहुण्यांनी आत जायचं का?" यावर दुसरे माजी म्हणाले की नाव कुठे लावणार, हाही प्रश्नच आहे. विषय तिथेच मिटला. त्याऐवजी चौकात घड्याळ बसवलं. घड्याळाच्या चारही बाजूंना अध्यक्षांचं नाव आहे आणि चारही बाजूंना वेगवेगळी वेळ आहे.

हे असं का होतं, याचं उत्तर पुरस्काराच्या फाइलीत सापडतं. वर्षअखेरीला प्रांतातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख, म्हणजे प्रांतपाल, पुरस्कार वाटतात. सर्वोत्कृष्ट अध्यक्ष, सर्वोत्कृष्ट सचिव, सर्वोत्कृष्ट खजिनदार, सर्वोत्कृष्ट बुलेटिन, सर्वोत्कृष्ट बॅनर. यादी अशी लांबलचक असते की एखाद्या क्लबाला तिथून रिकाम्या हाताने परतायचं असेल तर वर्षभर खास मेहनत घ्यावी लागेल. पुरस्कारासाठी फाइल लागते, फाइलीला फोटो लागतात आणि फोटोला बातमीचं कात्रण जोडलं की वजन येतं. इथे आमचा, म्हणजे वर्तमानपत्रवाल्यांचा, संबंध येतो. दर आठवड्याला प्रेसनोट येते. सोबतच्या फोटोत एक वह्यांचा गठ्ठा असतो आणि त्याला हात लावलेली चौदा माणसं. ज्याला वह्या मिळाल्या ते पोर कोपऱ्यात अर्धं कापलेलं. मजकुरात चौदाही नावं पदांसकट. वह्या किती, याला जागा उरत नाही. एकदा आमच्या उपसंपादकाने जागेअभावी शेवटची तीन नावं गाळली, तर तिघांपैकी दोघे वर्गणी बंद करतो म्हणाले आणि तिसऱ्याने नवा क्लब काढला.

पुरस्कारांखेरीज मानाची आणखी एक वाट आहे, ती थेट आहे. फाउंडेशनला हजार डॉलर दिले की रोटरीत माणूस पॉल हॅरिस फेलो होतो आणि लायन्समध्ये मेल्विन जोन्स फेलो. आपल्या पैशात ही रक्कम ऐंशी हजारांच्या वर जाते. या पैशातून जगात खरोखर चांगली कामं होतात, त्यामुळे इथे विनोद करताना जीभ चावावी लागते. फक्त हजार डॉलर नावापुढे लावता येतात आणि हजार तास लावता येत नाहीत, एवढी नोंद करतो. बायकोच्या नावानेही देणगी देता येते. आमच्या एका सभासदाने लग्नाच्या वाढदिवसाला तशी दिली. वहिनींना पाटल्या हव्या होत्या, फेलोची पिन मिळाली.

वहिनींवरून आठवलं. स्त्रियांना सभासद करून घ्यायला लायन्सने १९८७ साल उजाडू दिलं आणि रोटरीने १९८९. आमच्या क्लबाचे दरवाजे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी उघडले, आणि तेही रांगोळी, स्वागतगीत आणि निरांजनाचं ताट यांची सोय व्हावी म्हणून. त्यातल्या एका बाईंनी हिशोब मागितला. त्यांना लगेच बढती देऊन सांस्कृतिक समितीवर घेतलं.

आता रक्तदानाचं पाहा. शिबिरं होतात एक जुलैला, पंधरा ऑगस्टला, गांधी जयंतीला आणि आमदारांच्या वाढदिवसाला. काढलेलं रक्त पिशवीत ३५ ते ४२ दिवसच टिकतं. एकदा दिल्यावर पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे सगळ्या गावाने एकाच आठवड्यात बाह्या वर केल्या तर पुढचा तीन-चार महिन्यांचा बंदोबस्त झालाच म्हणायचा, दाते संपण्याचा. रक्ताची खरी ओढ लागते मे महिन्यात. कॉलेजं बंद, माणसं लग्नात किंवा गावी. रक्तपेढीवाले फोन फिरवत बसतात. मे महिन्यात अध्यक्ष कुठे असतात? डीटीपीच्या दुकानात. पुरस्काराच्या फाइलीला स्पायरल बाइंडिंग चाललेलं असतं आणि पहिल्याच पानावर रक्तदान शिबिराचा रंगीत फोटो असतो.

मोतीबिंदूचं गणित आणखी सुरेख. ऑपरेशन करतं ट्रस्टचं नेत्र रुग्णालय. त्याला अनुदान मिळतं सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून. म्हातारीला गाडीत घालून आणते तिची सून, तीही मजुरी बुडवून. क्लब बॅनर लावतो. मग ते ऑपरेशन रुग्णालयाच्या अहवालात जातं, आरोग्य खात्याच्या अहवालात जातं, आमच्या क्लबाच्या अहवालात जातं आणि 'संयुक्त विद्यमाने' म्हणून शेजारच्या क्लबाच्याही. डोळा एकच, दिसतो मात्र चौघांना. सुनेचा अहवाल कुणी मागत नाही.

पण आमच्या क्लबाचं खरं काम पाहायचं असेल तर गावाबाहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चला. तिथल्या व्हरांड्यात भिंतीला ओळीने तीन वॉटर प्युरिफायर टांगलेले आहेत. पहिला बसवला तो उत्साहात. कलेक्टर कचेरीतले साहेब आले, मुलींनी लेझीम केलं, साहेबांनी पेला तोंडाला लावलेला फोटो अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. यंत्राशेजारी संगमरवरी पाटी, तिच्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख आणि प्रांतपाल. त्या पाटीला यंत्राइतकाच खर्च आला असावा. दिवाळीनंतर यंत्राची कँडल शेवाळली. मुख्याध्यापकांनी क्लबाला पत्र लिहिलं. पत्र मीटिंगपुढे आलं तोवर जुलै उजाडला होता, आणि नव्या अध्यक्षांनी रास्त शंका काढली. पाटी मागच्या अध्यक्षांच्या नावाची, मग दुरुस्ती आपण करायची आणि नाव त्यांचं चालू ठेवायचं, हे कोणत्या न्यायात बसतं? शिवाय प्रांताच्या फॉर्मात 'नवीन प्रकल्प' असा रकाना आहे, 'जुना चालू ठेवला' असा रकानाच नाही. तेव्हा त्यांनी शेजारी दुसरं यंत्र बसवलं. पुन्हा लेझीम, पुन्हा साहेब, पुन्हा पाटी. तिसऱ्याच्या वेळी लेझमीतल्या मुली दहावीला गेल्या होत्या, म्हणून मुलांनी ढोल वाजवला. आजमितीस मुलं मैदानातल्या हापशावर पाणी पितात. हापसा कुणाच्याही स्मरणार्थ नाही, म्हणून तो चालू असावा.

कुणी म्हणेल, तुम्हाला नुसती खोड काढता येते. तर मग पोलिओचं ऐका, कारण ते काम याच मंडळींचं आहे आणि त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्सपासून सुरुवात केली आणि १९८५ मध्ये पोलिओप्लस जाहीर केलं. सरकारं, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अशी सगळी एका दोराला लागली. आपल्याकडे बूथ लागले, घरोघर फेऱ्या झाल्या, पोरांच्या करंगळीला शाई लागली, 'दोन थेंब' सगळ्या देशाला पाठ झालं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आता १९८५ ते २०१४ या काळात प्रत्येक क्लबात किती अध्यक्ष येऊन गेले ते बोटांवर मोजून पाहा, पायाची घेऊनही पुरणार नाहीत. त्यातल्या एकालाही या कामाची फीत एकट्याने कापता आली नाही. कुणी मधेच म्हणालं नाही की हे मागच्यांचं आहे, मी आपला कांजिण्यांचं बघतो. घरोघर फिरणाऱ्या बायकांच्या नावाची पाटी तर कुठेच नाही. आमच्या क्लबात अजूनही भाषणाला सुरुवात पोलिओने करतात आणि शेवट नव्या प्युरिफायरने.

क्लबात एक हार्डवेअरच्या दुकानाचे मालक आहेत. वीसेक वर्षांचे सभासद, अध्यक्षपदाची पाळी आली की 'पुढच्याला घ्या' म्हणून सरकून बसतात. त्यांनी मध्यंतरी एक रविवार शाळेत घालवला. पान्हा, टेफ्लॉन टेप आणि दोन नव्या कँडल घेऊन गेले आणि तीन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत यंत्र जुळवून दिलं. ते आठवडाभर चाललं, मग वीज गेली, पण तो मुद्दा वेगळा. मुद्दा असा की त्यामुळे त्यांची क्लबाची फॅमिली मीटिंग चुकली. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी असतो, सभासदांना लटका दंड करून सभा खेळती ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याला स्वतःला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. (या पदावरून क्लब ओळखला असेल तर ती तुमची हुशारी, मी काही बोललो नाही.) त्याने पुढच्या सभेत हार्डवेअरवाल्यांना दोन दंड केले. एक गैरहजेरीबद्दल आणि दुसरा छातीवर पिन नसल्याबद्दल. सगळे खूप हसले. त्यांनी वीस रुपये भरले.

यंदा मात्र प्रांताने चूक सुधारायची ठरवली आहे. प्रसिद्धीपासून दूर राहून काम करणाऱ्यांसाठी नवा पुरस्कार निघाला आहे, 'मूक सेवक'. अर्ज स्वतः करायचा. सोबत काम करतानाचे किमान दहा फोटो, बातम्यांची कात्रणं आणि स्वतःविषयी पाचशे शब्द जोडायचे. सचिवांनी हार्डवेअरवाल्यांच्या दुकानात जाऊन फॉर्म दिला, म्हणाले, क्लबाला नक्की मिळेल, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी लिहितो. त्यांनी फॉर्म वाचला, घडी करून गल्ल्यात ठेवला आणि आतून एक कागद काढून सचिवांच्या हातात दिला. कँडलचं बिल होतं, सहाशे चाळीस रुपयांचं.

सचिवांनी तारीख पाहिली. खरेदी जूनमधली, बसवलं जुलैत. हे बिल जुन्या अध्यक्षांच्या वर्षात धरायचं की नव्यांच्या, यावर विचार करायला तीन माजी अध्यक्षांची समिती नेमली आहे. समितीची पहिली बैठक हायवेवरच्या हॉटेलात जेवणासह झाली, आणि तिचं बिल एकमताने नव्या वर्षात धरलं गेलं.