पॅरिस, व्हाया वासिंद

आमचे साडू पॅरिसला जाऊन आल्यापासून साधं जेवत नाहीत. सकाळी चित्रं बघायची, रात्री सात ताटल्यांचं जेवण घ्यायचं आणि मधल्या वेळात दोन्हींबद्दल बोलायचं, याला ते 'कल्चरल गेटअवे' म्हणतात. यंदा रजा शिल्लक नव्हती आणि रुपयाही उतरला होता, म्हणून त्यांनी पॅरिसला तोडीस तोड ठिकाण शोधलं. आसनगाव.

तिथल्या एका रिसॉर्टच्या जाहिरातीत 'आर्ट कलेक्शन' आणि 'रानातून वेचलेल्या घटकांचा टेस्टिंग मेन्यू' असं छापलं होतं. "म्हणजे रानभाजी," सासूबाई म्हणाल्या. साडूंनी त्यांच्याकडे लूव्रच्या रखवालदारासारखं पाहिलं.

कल्याण सुटलं की कसारा मार्गावरची लोकल हळूहळू माणसात येते. टिटवाळ्याला गणपतीवाले उतरतात, खडवलीला नदीत डुंबायला निघालेली पोरं. वासिंदनंतर चक्क बसायला मिळालं. साडू खिडकीशी बसून म्हणाले, "प्रोव्हान्समध्ये अस्संच हिरवं असतं." समोरच्या बाकावरच्या दूधवाल्याने कॅन थोडा पुढे सरकवून पाय लांब केले.

आसनगावला उतरल्यावर पहिलं कलादालन फुकट दिसतं, ते म्हणजे माहुली. ठाणे जिल्ह्यातला उंच किल्ला. त्याच्या अंगाला नवरा, नवरी, भटोबा आणि वजीर असे सुळके उभे आहेत. एवढं मोठं लग्न, वरात खोळंबलेली, भटजी तिष्ठत, आणि वऱ्हाडी म्हणून मोहिमेवर आलेले डोंबिवलीचे गिर्यारोहक. साडूंनी शिल्पकार कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, लाव्हा. साडेसहा कोटी वर्षं झाली असतील, सही मात्र सापडत नाही.

या किल्ल्यात १६३६ साली शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात अडकले होते, हेही मी सांगितलं. साडूंना तेवढ्यात रिक्षा मिळाली.

रिसॉर्टमधलं कलेक्शन म्हणजे भिंतभर चिकटवलेला वारली चित्राचा छापील कागद. नाचणाऱ्यांचा फेर तोच, झोपड्या त्याच, फक्त मधोमध तारपेवाल्याच्या हातात सॅक्सोफोन होता. एका कोपऱ्यात काड्यांचा माणूस काड्यांच्या लॅपटॉपवर बसला होता. "फ्यूजन," साडू पुटपुटले आणि दोन पावलं मागे सरले. पॅरिसला चित्र असंच बघतात म्हणे.

गंमत अशी की पॅरिसने हे चित्र अस्सल बघितलंय. १९८९ साली पाँपिदू केंद्राच्या 'माजिसियँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे होते. तेव्हा डहाणू आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला २०१४ साली. मशेंना पद्मश्री मिळाली २०११ मध्ये. त्यांच्या आधी हे काम बायकांचं. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने देवचौक काढायच्या आणि त्यात पालघट देवी बसवायच्या. लग्न पार पडलं की चित्राचंही काम संपलं. पुढच्या सारवणात ते भिंतीत जिरून जायचं. विमा नाही, काच नाही, 'हात लावू नये'ची पाटी नाही. हे मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "सर, आमचं वॉशेबल आहे."

मग जेवण. वेटरने आधी विचारलं, "पाणी स्टिल की स्पार्कलिंग?" तानसा आणि भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पितेय, आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघतात. त्या मातीत बसून परदेशी बाटलीतलं बुडबुडेवालं पाणी मागवण्याची हिंमत फक्त साडूंना झाली.

पहिली ताटली तळहाताएवढी पाटी होती. दुसरीत नाचणीची चतकोर भाकरी, तिच्यावर चटणीचा एक ठिपका, तोही कडेला. तिसरीत आली शेवळं. पहिल्या पावसाला जंगलात जमिनीतून कोंब वर येतात ती. "वाइल्ड, सीझनल, अर्दी," साडू डोळे मिटून म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी घास घेतला.

शेवळाला खाज असते. घशाला ती अशी लागते की माणूस गप्प होतो. साडू गप्प झाले. मग लाल झाले. मग स्पार्कलिंग प्यायले, त्याने बुडबुडे आणि खाज दोन्ही वर आली. मेव्हणीने पाठ चोळली, बायकोने साखर दिली, मॅनेजर म्हणाला, "सर, हीच तर त्याची ऑथेंटिक नोट." उरलेल्या चार ताटल्यांचे पैसे आम्ही न खाता दिले. आकडा सासूबाईंना अजून सांगितलेला नाही.

परत येताना आग्रा रोडवर रिक्षात हवा भरायला थांबलो. पंक्चरचं दुकान, त्याला लागून ढाबा, आणि टायरांच्या चळतीशेजारी शेवळ्यांच्या जुड्या मांडून बसलेली एक आजी. साडूंचा घसा ऐकूनच तिने विचारलं, "काकडं नाय घातली व्हती काय?" आणि एक हिरवं आंबट फळ त्यांच्या हातावर ठेवलं. "चाव." पाच मिनिटांत आवाज फुटला. दुर्दैवाने.

मग ढाब्यावर सुकट, तांदळाची भाकरी आणि कांदा. साडू तिसऱ्या भाकरीला म्हणाले, इथे मिशलिनचा तारा यायला हवा. मी टायरांच्या चळतीकडे बोट दाखवलं. मिशलिन ही मुळात टायरचीच कंपनी. गाड्या जास्त फिराव्यात, टायर झिजावेत म्हणून तिने १९०० साली वाटाड्या पुस्तिका काढली, तारे द्यायला लागली १९२६ पासून. टायर आणि जेवण शेजारी-शेजारी असण्याची आग्रा रोडची पद्धत तेवढीच रास्त आहे, फक्त इथे तारे दुकानदाराच्या अंगणातून वर बघितले की दिसतात.

तुम्ही जाणार असाल तर मृगाच्या आसपास जा. शेवळं थोडेच दिवस मिळतात. वरचं रंगीत आवरण काढून टाका, बारीक चिरून तेलावर चांगली परता, सीकेपी शेजारी असतील तर शेवळाची कणी कशी करतात ते त्यांनाच विचारा. आणि जुडी घेताना काकडं मागून घ्या. न मागता कोणी देत नसेल तर त्या बाईकडून शेवळं घेऊच नका.