वीस घरचे, पंधरा बोर्डाचे

शंभरपैकी ३५. महाराष्ट्रात शाळेतून सुटका हवी असेल तर एवढा जामीन पुरतो. वडिलांना पुरला, पोरालाही पुरतो. मधल्या काळात एसटीच्या तिकिटाचं काय झालं, सोन्याचं काय झालं, ते आपण बघतोच; पण पस्तीसचा भाव काही चढला नाही. उलट उतरला. दुकानावरची पाटी तेवढी जुनीच आहे.

हिशेब सोपा आहे. दहावीच्या मुख्य विषयांत लेखी ८० गुणांचं आणि उरलेले २० शाळेच्या हातात: तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिक, स्वाध्याय. आता शाळेने स्वतःच्याच मुलाला २० पैकी ९ दिल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? देईल कशाला? निकाल मुलाचा लागतो तसा शाळेचाही लागतो. त्यामुळे अठरा, एकोणीस, वीस अशी वाटणी सत्यनारायणाच्या प्रसादासारखी होते. प्रसाद हातावर ठेवताना कथा ऐकलीस का, असं कुणी विचारत नाही. हे वीस घरचे जमेला धरले की पस्तीसपर्यंत उरतात पंधरा-सोळा. तेवढे ८० च्या पेपरात पाडायचे. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा, पत्रलेखनातला उजवा कोपरा आणि शेवटचं 'आपला विश्वासू'. झाली मॅट्रिक.

शिवाय नुसत्या श्रेणीवर सुटणारे विषय आहेतच. 'स्वविकास व कलारसास्वाद' नावाचा एक आहे. त्यात मुलाचा स्व किती विकसला ते बाई वर्गात बसून ठरवतात. दुसरा जलसुरक्षा. जलसुरक्षेत अ श्रेणी मिळवलेल्या मुलांच्या गावात मे महिन्यात टँकर येतो आणि तीच मुलं हंडे घेऊन रांगेत उभी असतात. प्रात्यक्षिक कुठे म्हणून घ्यावं!

अंतर्गत गुणांवरचा हा संशय कुणा खवचट माणसाच्या डोक्यातून आलेला नाही. सरकारने स्वतःच एकदा प्रयोग करून पाहिला होता. २०१९ च्या परीक्षेत भाषांसारख्या विषयांतले शाळेच्या हातचे गुण काढून घेतले. २०१८ ला निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. बारा टक्क्यांची घसरण, म्हणजे दर आठ पोरांमागे एक पोरगं त्या वीस गुणांच्या टेकूवर उभं होतं. टेकू काढला, ते पडलं. एखाद्या शहाण्या राज्यात यावर प्रश्न विचारला गेला असता की, दहा वर्षं मराठी शिकलेलं मूल मराठीच्या पेपरात का पडतं? आपण विचारलं की, टेकू कुणी काढला? अंतर्गत गुण मुकाट्याने परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. बारा महिन्यांत अठरा टक्के शहाणपण वाढलं. त्या वर्षी तर करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नव्हता, त्याचे गुण सरासरीने दिले. न झालेला पेपरही लेकरांनी बऱ्यापैकी सोडवला म्हणायचा.

पालकांची बाजूही खोटी नव्हती, हे कबूल करायला हवं. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा वीसचा प्रसाद वाटणार, त्यांची पोरं अकरावीच्या यादीत वर बसणार, आणि आमच्यांनी मात्र कडक एकादशी करायची, हा कुठला न्याय? म्हणजे पास होण्याची अट मुलाला काय येतं यावर ठरत नाही. शेजारचं बोर्ड किती सैल सोडतं यावर ठरते. २०१० साली सहांपैकी सर्वोत्तम पाच विषय धरायची 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ची युक्तीही याच चढाओढीतून आली. आयसीएसईचे पालक त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयात हरले. सहावा विषय तेव्हापासून बिचारा उपरा आहे.

२०२१ चं फार बोलत नाही. परीक्षाच नव्हती. नववीचे गुण निम्मे धरले आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. मला उत्सुकता आहे ती फक्त त्या उरलेल्या ०.०५ टक्क्यांची. त्यांनी नेमकं काय केलं असेल?

आता वरच्या टोकाला बघा. २०२५ ला २११ मुलांना शंभर टक्के पडले. कला-क्रीडेचे वाढीव गुण आणि बेस्ट फाइव्ह यांची सांगड बसली की गाडी शंभरावर जाते, आणि शंभराच्या पुढे जागा नाही म्हणूनच थांबते. त्याच वर्षी २८५ जण बरोबर ३५ टक्क्यांवर उतरले. माझं मत विचाराल तर अवघड काम या २८५ जणांचं आहे. इतक्या उतारावर नेमक्या रेघेवर ब्रेक मारणं येरागबाळ्याचं काम नाही. म्हणून तर हल्ली त्यांच्याही मिरवणुका निघतात, डीजेसकट.

मग एवढ्या सैल दारात कुणी अडकतंच का? अडकतं. फक्त दहावीत नाही, नववीत. आठवीपर्यंत मुलाला वर्गात अडवायचं नाही, असा शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला. पाचवी-आठवीच्या परीक्षा परत आणल्या त्या आत्ता आत्ता. तोवर आठ वर्षं 'छान', 'प्रगतीपथावर', 'नियमित येतो' असे शेरे घेत आलेलं मूल नववीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा खरा आकडा बघतं. आणि शाळेच्या फाटकावर फ्लेक्स असतो: 'सलग दहाव्या वर्षी १०० टक्के निकाल!' हा फ्लेक्स दहावीच्या वर्गात तयार होत नाही. तो नववीच्या निकालाआधी, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, दार लोटून तयार होतो. बाबांना बोलावलं जातं. चहा येतो. 'मुलगा तसा हुशार आहे हो, पण ताण घेऊ शकणार नाही. आपण असं करू, १७ नंबरचा फॉर्म भरा. परीक्षा तीच, बोर्ड तेच, सर्टिफिकेटही तेच.' बाबा रिक्षा चालवतात, त्यांना १७ नंबर म्हणजे काय ते कळत नाही. सर सांगत नाहीत की हा फॉर्म भरणाऱ्या खासगी विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या टक्केवारीत मोजला जात नाही. मुलाचं नाव पटावरून जातं, फ्लेक्स वाचतो. शंभर टक्क्यांची शाळा बघितली की मी दहावीचा पट मागत नाही, त्याच तुकडीचा दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा मागतो. तो सहसा मिळत नाही.

२०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात एक सूचना आली होती. गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यावं, फक्त गुणपत्रिकेवर शेरा मारावा की याला यापुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही. दर्जा ढासळेल म्हणून बरीच बोंबाबोंब झाली. ओरडणाऱ्यांनी बेरीज केली नव्हती. शाळेच्या हातचे गुणच मुळी २० आहेत. ती सूचना सरळ लागू झाली असती तर पेपरला जाण्याचंही कारण उरलं नसतं. मार्चच्या उन्हात बाक धरून बसण्याचा त्रास वाचला असता, आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून चिठ्ठ्या फेकणाऱ्या भावांचाही.

सरकार इतकं दयाळू का, याचं उत्तर शिक्षणशास्त्रात शोधू नका. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले तेव्हा चित्र उघडं पडलं: जागा एकवीस लाखांहून अधिक आणि दहावी पास झालेले नियमित विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या आसपास. इतर बोर्डांची आणि फेरपरीक्षेतून आलेली मुलं धरली तरी लाखो बाक रिकामेच. ज्या गावात चार कनिष्ठ महाविद्यालयं आणि त्यांपैकी तीन महाविद्यालयांचे संचालक राजकारणात (चौथ्याचे तिकिटाच्या प्रतीक्षेत), तिथे पोरगं नापास करणं म्हणजे गिऱ्हाईक दारातून परत पाठवणं. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत या, फेरपरीक्षा द्या, पण या. बसायला जागा आहे.

आणि अकरावीत आलेला बसतो का? बारावीच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. नियम कडक आहे. फक्त मुलगा ज्या कॉलेजात हजर असतो तिथे तो नसतो. तो लातुरात किंवा कोट्याला नीटची उजळणी करत असतो, आणि गावाकडचं कॉलेज 'इंटिग्रेटेड' या भारदस्त नावाखाली त्याची फी आणि हजेरी दोन्ही घेत असतं. हे थांबवायला सरकारने २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. आता बोट लातुरात आणि यंत्र गावात, अशी अडचण झाली. ती सोडवायला मात्र कुणाला क्लास लावावा लागला नाही.